वरच्या कोपऱ्यातलं नाव

साक्रीतल्या एका बाजाराच्या दिवशी घडलेली ती गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे उघडकीस आणले. त्यांचे तपशील आता पुसट झाले. हे प्रकरण साध्या तक्रार अर्जाचं होतं. तरी लिहायला बसलो की तेच आधी समोर येतं.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी तीनच्या सुमारास ठाणे अंमलदाराने एका मायलेकींना आत पाठवलं. डोंगराकडच्या गावातल्या होत्या. मुलीने सकाळी एसटी स्टँडजवळच्या ऑनलाइन सेवा केंद्रात नर्सिंग प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरला होता. कॉलेजांचे नंबर पसंतीप्रमाणे टाकले, जतन केले आणि ती आईबरोबर बाजारात गेली. परत येऊन प्रिंट काढली, तर सगळे नंबर बदललेले. वर कोणीतरी 'निश्चित करा' दाबून फॉर्म कायमचा बंद केलेला. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"धुळ्याच्या सरकारी कॉलेजचा नंबर यात नाहीच, साहेब," मुलगी म्हणाली. "दुसरीकडे मला कोणी पाठवणार नाही."

"मनी पोरनं काय चुकनं?" आईने अहिराणीत विचारलं. "आते तिनं शिक्षण थांबी जाई."

मी प्रिंटचा कागद घेतला आणि न वाचता फाईलला लावला.

तासाभरात हवालदार खबर घेऊन आला. स्टँडवरचा चहावाला सांगत होता, केंद्र चालवणारे नाना लोकांचं लॉगिन कधी बंदच करत नाहीत. नाना म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क. मी त्यांना बोलावून घेतलं.

"लॉगिन चालू का ठेवता?"

"साहेब, डोंगराकडच्या पोरी येतात. लॉगिनला ओटीपी लागतो आणि फोन असतो बापाकडे, बाप असतो बैलबाजारात. एकदा कसाबसा ओटीपी मिळाला की मी ते पान तसंच ठेवतो. पोरगी दोन घास खाऊन येते, प्रिंट घेते."

"मग मधल्या वेळात त्या खुर्चीवर कोण बसलं?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठवत नाही."

तीस वर्षांच्या नोकरीत खोटं ओळखायला शिकलो होतो. हे खोटं होतं. मी टेबलावर हात आपटला. सत्तरीच्या माणसाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शेवटी ते म्हणाले, "माझाच हात लागला असेल. माझ्या नावावर लिहा, पण पोरीचं काम करा." मी जबाब लिहून घेतला. प्रकरण उलगडलं, असं स्वतःला सांगितलं.

रात्री जेवताना जळगावहून माझ्या मुलीचा फोन आला. ती आईजवळ राहून बारावी झाली होती आणि तिलाही नर्सिंगलाच जायचं होतं. "पप्पा, माझा फॉर्म रिकामाच दिसतोय."

"वेबसाइट हळू चालते. सकाळी बघ," मी म्हणालो.

सकाळी धुळ्याहून सायबर सेलची एक महिला शिपाई आली. नानांच्या कॉम्प्युटरवर कोणतं पान किती वाजता उघडलं ते तिने काढलं. "सर, दिवसभरात लॉगिन एकदाच झालंय, मुलीचं. नंतर जो बसला त्याने लॉगिन केलंच नाही."

"मग वेबसाइटने त्याला आत कसं घेतलं?"

"सरकारी दवाखान्यात एकदा केसपेपर काढला की प्रत्येक खिडकीवर तोच दाखवतो ना आपण? तोंड कोणी बघत नाही. लॉगिन केलं की वेबसाइट ब्राउझरला तशीच एक चिठ्ठी देते. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर ती दाखवतो. लॉगआउट होईपर्यंत खुर्चीवर कोणीही बसो, वेबसाइटला ती मुलगीच दिसते." मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे नंबर बारा चाळीसला टाकलेत."

बारा चाळीसला त्या खुर्चीवर मी होतो.

माझ्या मुलीने कॉलेजांचे नंबर मला फोनवर पाठवले होते. बंदोबस्ताच्या मधल्या वेळात मी वर्दीतच केंद्रात शिरलो. रांगेतल्यांनी वाट दिली. नाना दुसऱ्या मशीनवर कोणाला तरी मदत करत होते. त्यांना न विचारता मी समोरच्या खुर्चीवर बसलो. वेबसाइटने पासवर्ड, ओटीपी काहीच विचारलं नाही, तर मला वाटलं, मुलीने सगळं करून ठेवलं असेल. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं, ते वाचलं नाही. आधी दिसणारे नंबर पुसून फोनमधले टाकले आणि 'निश्चित करा' दाबलं. शंका घेणं हा माझा धंदा होता आणि तिथे मला एकही शंका आली नाही. आता फोनमधला संदेश आणि फाईलमधला कागद शेजारी ठेवले. नंबर तेच, क्रमही तोच.

नानांचा जबाब मी रद्द केला. स्टेशन डायरीत माझ्या हाताने माझी चूक नोंदवली, वरिष्ठांना कळवलं आणि मायलेकींना गाडीत घेऊन धुळ्याला प्रवेश कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी माझा लेखी कबुलीजबाब दोनदा वाचला. साडेतीनला फॉर्म उघडून मिळाला. मुलीने नंबर टाकले, वरचं नाव मोठ्याने वाचलं आणि मगच बटण दाबलं. माझ्या मुलीनेही त्याच दुपारी जळगावहून आपला फॉर्म भरला. मला वरून लेखी ताकीद मिळाली. ती कमीच होती.

परतताना नानांकडे गेलो. "तुम्हाला माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"ठाण्यात बसून ठाणेदाराचं नाव कसं घेऊ? आणि तुम्ही फोनमध्ये बघून एकेक नंबर टाकत होता, ओठ हलवत. बापच दिसत होता." मग मला पाणी देत म्हणाले, "पोरनं काम व्हयनं ना? मंग बठ्ठं व्हयनं, सगळंच."

मी पेला तसाच टेबलावर ठेवला.

त्या वेबसाइटने माणूस न बघता चिठ्ठी बघितली. मीही आयुष्यभर तसाच आत गेलो होतो. माझी वर्दी बघून रांगा सरकायच्या, मी कोण आणि कशाला आलो, कोणी विचारायचं नाही. नाना खरं बोलू शकले नाहीत ते त्या वर्दीपुढेच. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

गेल्या वर्षी धुळ्याच्या दवाखान्यात माझं छोटं ऑपरेशन झालं. इंजेक्शन घेऊन आलेली नर्स पलंगाजवळ थांबली. ती तीच फॉर्मवाली मुलगी होती. माझ्या मनगटावरची पट्टी तिने उलटून बघितली.

"पूर्ण नाव सांगा."

"ओळखलं नाहीस का गं?"

"दारातूनच ओळखलं, साहेब," ती हसली. "तरी सांगा."

मी सांगितलं. तिने पट्टीवरच्या नावावरून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं, आणि मग माझा हात हातात घेतला.