उतरता खांदा

माझ्या मावशीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. फीत ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावायची; खरं माप तिच्या डोळ्यांत असायचं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे बघून 'याचा एक हात पाव इंच लांब आहे' असं सांगून मोकळी व्हायची. आता तिची बोटं सांध्यांत वाकडी झाली आहेत आणि सुईत दोरा मी ओवून देते.

अशा बाईला घेऊन मी बंदुकांच्या दुकानात गेले. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

तिच्या मुलाने वर्षभरात दोनदा तिच्या घराचं दार मोडलं. दुसऱ्या वेळी तिला शिलाई मशीनवर ढकललं, दोन बरगड्या मोडल्या. पोलिसांनी त्याला दम देऊन सोडलं. पुन्हा येईन, असं तो सांगून गेलाय, आणि तो शब्दाचा पक्का आहे, एवढाच काय तो गुण. परवान्याच्या अर्जात 'कोणापासून धोका' असं विचारलं होतं, तिथे मावशीने 'चोरांपासून' लिहिलं. मी डोळे वटारले तर म्हणाली, आपलेच दात, आपलेच ओठ.

दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी काही विकलं नाही, म्हणाला, "काकू, हात दाखवा."

"हात दाखवून अवलक्षण व्हायचं," मावशी हसत म्हणाली, पण हात पुढे केले. त्याने तिची वाकडी बोटं एकेक करून दुमडून पाहिली.

मग त्याने पिस्तूल पुढे ठेवलं. यात गोळ्या जास्त बसतात, चाप हलका असतो, पण पहिली गोळी आत घ्यायला वरचा भाग जोर लावून मागे ओढावा लागतो. शिवाय मध्येच अडकलं तर तेच पुन्हा करायचं. मावशीने ओढून पाहिलं. पोटाशी धरून पाहिलं. जाड कापड फाडताना धरतात तसंही धरून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही.

रिव्हॉल्वर साधं, तो म्हणाला. गोळ्या कमी, पण ओढाताण नाही, नुसता चाप दाबायचा. तो चाप मात्र इतका जड की मावशीचं बोट पांढरं पडलं. इकडे आड, तिकडे विहीर. मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात त्याने मागचा घोडा अंगठ्याने मागे ओढून दाखवला; असं केलं की चाप हलका होतो. मावशीने दोन्ही अंगठे लावले, घोडा मागे गेला, आणि चाप दाबताच रिकामं रिव्हॉल्वर खट्ट वाजलं. तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, सुटलो.

दुकानामागे एक लांबट खोली होती. पलीकडच्या भिंतीवर माणसाचा काळा आकार छापलेला कागद होता, त्याचा एक कोपरा सुटून तो तिरका लोंबत होता. दुकानदाराने मावशीला त्याच्या छातीवर नेम धरायला सांगितला. तिने घोडा ओढला, हात वर केले आणि तशीच उभी राहिली.

"याचा डावा खांदा उतरताय," ती म्हणाली. "अर्धा इंच."

मी कपाळाला हात लावला. मावसभावाचा डावा खांदा जन्मापासून उतरता आहे. त्याच्या प्रत्येक शर्टात मावशी त्या बाजूला आतून कापडाची घडी घालायची, म्हणून जगाला ते कधी कळलं नाही.

दुकानदार बिचारा म्हणाला, "थांबा, मी सरळ करून देतो."

"राहू द्या," मावशी म्हणाली. कात्री देताना देतात तशी मूठ त्याच्याकडे करून तिने रिव्हॉल्वर परत दिलं.

रस्ताभर मी तिच्यापुढे दोन पावलं चालत राहिले. मला तिचा राग आला होता आणि राग काढायला ती पुरेशी मोठीही उरली नव्हती. घरी सुताराने बसवलेली नवी लोखंडी कडी होती. निघताना मी म्हणाले, "कडी लावून घे."

"नको," ती म्हणाली. "दार तरी शाबूत राहील."

मी बाहेर जिन्यात उभी राहिले, कडीचा आवाज येतो का ते ऐकत. बऱ्याच वेळाने आतून मशीन सुरू झालं. कडीचा आवाज आला नाही.