सावलीच्या रकान्यातली खूण

अकरा जणांनी फॉर्म भरून पाठवले होते. दहा जणांना काय काय हवं होतं त्याची यादी चांगली पानभर झाली. अकराव्या फॉर्मवर एकच शब्द होता: 'एगाल'. म्हणजे काहीही चालेल. तो फॉर्म आमच्या टीममधल्या हेर हेनिंग, म्हणजे श्रीयुत हेनिंग, यांचा होता.

हॅनोव्हरच्या आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात एक वांडरटाग असतो. त्या दिवशी काम बंद ठेवून सगळ्या टीमने डोंगरात चालायला जायचं. यंदा वाट निवडायचं काम माझी बॉस कात्रिन हिने माझ्या गळ्यात घातलं. माझं रोजचं कामही तसलंच आहे. गाडीचा पार्ट बनवण्याआधी ग्राहकाला नक्की काय हवंय ते विचारून लिहून काढायचं. याला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. काही 'मस्ट' असतात, त्यांच्याशिवाय चालतच नाही. बाकीच्या पुऱ्या झाल्या तर बरं, नाही झाल्या तरी कुणी कोर्टात जात नाही.

"एक लक्षात ठेव," कात्रिन म्हणाली. "हेनिंग ऑगस्टमध्ये रिटायर होतायत. हा त्यांचा शेवटचा वांडरटाग. मागच्या वर्षी बायपास झालीय, तरी ते यायला हवेत."

हे मला सांगायची गरज नव्हती. सोळा वर्षांपूर्वी मी सांगलीहून इथे आले, तेव्हा पहिल्या वांडरटागला ऑफिसचेच बूट घालून गेले होते. हार्त्सच्या डोंगरात ओढ्याकाठी घसरून आपटले. बाकीचे पुढे निघून गेले होते. हेनिंग मागे थांबले, आपल्या थर्मासमधला चहा मला दिला आणि पुढच्या खानावळीपर्यंत माझ्या चालीने चालले. बोलले फारसं काही नाहीत. जून होता, तरी स्प्रूसच्या त्या दाट रानात मला स्वेटर चढवावा लागला. या देशात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या वाटेवर.

तर मी तक्ता मांडला. दोघांना पक्षी बघायचे होते, एकाला फोटो काढायचे होते, तिघांना फक्त शेवटचा केक आणि बिअर हवी होती. मृणाल ही टीममधली दुसरी मराठी. कायझर्सलाउटर्नला शिकून आलेली, त्याआधी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेली. ती म्हणाली, "ताई, चढ पाहिजे हं. नाहीतर तो ट्रेक कसला, शतपावलीच!" हेनिंगच्या ओळीत मीच लिहिलं: सपाट, कमी अंतर, सावली. तिन्ही मस्ट. यात बसणारी एकच वाट माझ्या डोळ्यांसमोर होती, ती ओढ्याकाठची. सावलीच्या रकान्यात मी बरोबरची खूण करून टाकली.

"ताई, ही वाट शेवटची कधी बघितलीत?" मृणालने विचारलं.

"सोळा वर्षं झाली."

"मग टेस्ट न करता पास कशी केलीत?"

शनिवारी दोघी ट्रेनने जाऊन पाहून आलो. ओढा होता, वाट होती, पण रान राहिलं नव्हतं. कोरडे उन्हाळे आणि साल पोखरणारा किडा यांनी सगळं खाल्लं होतं. डोंगरभर नुसती पांढुरकी खोडं उभी. हार्त्समधली झाडं मरतायत हे मी बातम्यांत ऐकलं होतं, पण माझ्या वाटेवरची झाडंही त्यातच आली हे कधी मनात आलं नव्हतं. मला रडू आलं. मृणालने पाण्याची बाटली पुढे केली.

सोमवारी मी हॅनोव्हरजवळची, बीच नावाच्या झाडांच्या सावलीतली दुसरी वाट ठरवली आणि सगळ्यांना मेल केली. हार्त्सची वाट का बाद झाली तेही लिहिलं. दहा मिनिटांत हेनिंग माझ्या टेबलापाशी उभे. इतकी वर्षं झाली तरी आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारतो.

"फ्राऊ सोमण, सावली मी मागितली होती?"

"नाही. पण तुमची तब्येत..."

"तब्येतीचं माझे डॉक्टर बघतील. मला हार्त्सलाच जायचंय."

"हेर हेनिंग, तिथली झाडं मेलीत. तुम्हाला बघवणार नाही."

"आल्झो... असं आहे," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "ती झाडं माझ्या आईने लावलीत."

दुसऱ्या महायुद्धानंतर झाडं तोडून तो डोंगर बोडका केला होता. गावातल्या बायकांनी मजुरीवर तिथे रोपं लावली. त्यांची आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सरळ ओळीसाठी दोरी ताणायची, कुदळीने खड्डा करायचा, रोप दाबायचं, पुढे सरकायचं. झाडं मेल्यापासून हेनिंग तिकडे फिरकले नव्हते. एकट्याने जायचा धीर होत नव्हता. आणि आपल्यापायी टीमचा दिवस नासायला नको, म्हणून फॉर्मवर 'एगाल'. सोळा वर्षांत मी त्यांना त्या रानाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

कात्रिनची ना होती. "ऊन लागलं तर जबाबदार कोण?" डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी चाला, दर वीस मिनिटांनी बसा. तेव्हा ती कबूल झाली आणि मी निघायची वेळ पहाटे पाचची केली. केकवाले कुरकुरले. पक्षीवाले मात्र खूश, कारण मेलेल्या खोडांवर सुतारपक्षी भरपूर. मृणाल बाकीच्यांना घेऊन कड्यावरच्या वाटेने गेली. ओढ्याकाठी हेनिंग, कात्रिन आणि मी.

शेवटच्या वळणावर हेनिंग थांबले. त्यांनी टोपी काढली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. छातीत तर दुखत नसेल ना, अशी भीती वाटली. खोडांच्या मधून गुडघाभर उंचीची रोपं वर आली होती. बर्चची, मधूनच स्प्रूसची. कुणी न लावता, जागा मिळेल तिथे.

"आई असती तर सगळी उपटून पुन्हा लावायला लावली असती," ते म्हणाले. "एकही ओळ सरळ नाही."

आणि ते हसले. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी टोपीनेच पुसले. मग खानावळीपर्यंत चालत आले, चार वेळा बसत, पण चालत.

ऑगस्टमध्ये ते रिटायर झाले. माझ्या तक्त्यात आता एक रकाना जास्त आहे: हे कोणी सांगितलं? तो रिकामा दिसला की मी कॉम्प्युटर सोडून उठते आणि त्या माणसाला जाऊन विचारते.