बायकोची नोंद सापडत नाही

भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत मी तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. जुना कागद मागायला आलेल्या माणसाला "उद्या या" असं सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःच्याच लग्नाचा कागद शोधायची वेळ आली, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

कारण पेन्शनचं होतं. मागच्या वर्षी छातीत कळ आली. दवाखान्यातून सुटल्यावर सगळे कागद काढून बसलो, तर पेन्शनच्या फायलीत लग्नाचा दाखलाच नाही. तो नसता तर माझ्यामागे बायकोला पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले असते. दुसऱ्यांच्या फायलीत हीच त्रुटी मी लाल पेनानं काढत असे.

मोबाइलवर घरबसल्या दाखला मिळवून देणाऱ्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. एक एजंट तर घरीच आला. मी त्याला चहा पाजून व्याख्यान दिलं. वही सरकारी, नोंद आपली, शुल्क नाममात्र. जिथे लग्न लागलं तिथल्या ग्रामपंचायतीत जायचं, अर्ज द्यायचा, झालं. बायको म्हणाली, मीही येते, माझंच माहेर आहे ते. कागदाच्या कामात तुझं काय, म्हणून मी तिला घरीच ठेवलं.

लाखांदूरकडच्या त्या गावी एसटीनं गेलो. ग्रामसेविका माझ्या मुलीच्या वयाची होती. लग्नं गावातल्या मुलींची, म्हणून वहीच्या शेवटी नवरीच्या नावांची यादी केलेली होती. यादीत नाव पाहायचं आणि मग पान काढायचं. तिनं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, काका, हे नाव नाही. सगळी पानं चाळून पाहू का, असंही तिनं विचारलं. मी हसलो. यादीत जे नाही ते पानांत नसतं, असं मी तिला तीस वर्षांच्या अनुभवानं सांगितलं. वर यादी कशी ठेवावी यावर अर्धा तास शिकवलं. बिचारी ऐकत होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन मागच्या आणि पुढच्या वर्षाच्या याद्याही तपासून घेतल्या. तिथेही नाही.

घरी आलो तो सासऱ्यांच्या नावानं खडे फोडतच. ते आता हयात नाहीत, त्यामुळे ते सोपं होतं. तुझ्या बापानं लग्नाची नोंदच केली नाही, असं मी बायकोला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोणत्या नावानं पाहिलं तुमी?"

मी तिचं नाव सांगितलं.

"ते नाव तं मले तुमच्या घरी आल्यावर ठेवलं. लगन लागलं तवा मी कुठं होती ते?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी ताटात तांदूळ पसरून मीच अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. बायका हसल्या होत्या, पेढे वाटले होते. नोंद मात्र त्याच्या आदल्या दिवशी तिच्या गावात झाली होती.

तिसऱ्या खेपेला तिला सोबत नेलं. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं ती माझ्यापेक्षा स्वस्तात पोचली. ग्रामसेविकेनं दोन मिनिटांत पान काढलं. वरती माझं नाव ठळक अक्षरात होतं. पानं चाळू दिली असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. तिनं नवरीचं नाव मोठ्यानं वाचलं. कोण आलं म्हणून मी दाराकडे पाहिलं.

"मीच," बायको म्हणाली.

पंचवीस वर्षांत तिला त्या नावानं मी एकदाही हाक मारली नव्हती. मला शरम वाटली, आणि ती लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

दाखला मिळाला. पण पेन्शनच्या कागदांत नवं नाव होतं, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडणं भाग होतं. ग्रामसेविकेनं छापील नमुना दिला. असे नमुने मी आयुष्यभर भरून घेतलेले, त्यामुळे झरझर लिहीत गेलो. 'नाव बदलण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, प्रथेप्रमाणे. बायकोनं कागद ओढून घेतला आणि वाचला.

"तुमच्या वहिनीचं नाव कोणी बदललं नाही. तुमाले आवडलं म्हून माह्यं बदललं. सरकारी कागद आहे, खरं लिवा."

ग्रामसेविका वही कपाटात ठेवायला उठली. मी 'प्रथेप्रमाणे' खोडलं आणि लिहिलं, पतीला आवडले म्हणून. रकान्यात बरीच जागा उरली.