आधी गाडी, मग रिमोट

मनोहरभाऊंकडे कुणी नवी गाडी घेऊन गेलं की ते ती पळवून बघत नसत, थांबवून बघत. गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारा, रिमोटचा, हातभर लांबीचा ट्रक. आठवडाभर पार्सलची वाट बघून आपण उतावीळ झालेले, कधी एकदा तिचा वेग दाखवतो असं झालेलं, आणि भाऊ स्टुलावरून न उठता म्हणायचे, "पळन्याचं राहू दे बाबू. पहिले थांबवून दाखव."

मग ते गाडी विटेवर ठेवायचे, चाकं अधांतरी. मला रिमोटचा घोडा दाबायला लावायचे. चाकं भिरभिरायला लागली की स्वतःच्या हातानं माझा रिमोट बंद करायचे. सिग्नल तुटला की चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत. काही गाड्या थांबत नाहीत. शेवटचा हुकूम जो मिळाला तोच धरून बसतात आणि पळत सुटतात. अशी गाडी भाऊ परत द्यायचे नाहीत. आतल्या डबीतलं एक बारीक बटण दाबून तिला 'सिग्नल गेला की थांब' एवढं शिकवायचे आणि मगच हातात ठेवायचे. आधी रिमोट बंद करायची मुभा या एका परीक्षेपुरतीच होती. एरवी त्यांचा नियम एकच: आधी गाडी बंद, मग रिमोट. हा नियम मोडणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नसत.

सिंदेवाहीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटरी यायच्या आणि भाऊ तांब्याची तार मोजून वेढे घालत बसायचे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोटांना कायम वॉर्निशचा वास. मी वनखात्याच्या कचेरीत बाबू, वय त्रेचाळीस. या वयात खेळण्यातली गाडी घेतली याची मला इतकी लाज वाटत होती, की पहिल्यांदा ती मी तांदळाच्या थैलीत लपवून नेली होती. भाऊंनी थैली उघडली, हसले नाहीत, गाडी पाच हॉर्सपॉवरचा पंप ठेवावा तशी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुठी चालवनार?" मी म्हटलं, "शाळेच्या मैदानावर." म्हणाले, "मैदानाची माती पाहून ये. मंग टायर सांगतो."

त्यांचं सगळं मातीपासून सुरू व्हायचं. गाड्यांचा नाद असलेले आम्ही सहा जण होतो. त्यातला प्रकाश, मेडिकलवाला, त्याची गोष्ट सांगतो. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळ्यात दांडगी, सगळ्यात महाग गाडी मागवली. धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आम्ही रविवारी सकाळी शर्यत लावायचो. प्रकाशची गाडी पहिल्याच धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, उडाली, हवेत दोन कोलांट्या खाल्ल्या आणि चारी चाकं वर करून पडली. दुसऱ्या फेरीत धानाची धसकटं अॅक्सलला गुंडाळून मोटर धुपली. भाऊ जवळ गेले, मोटरवर बोट टेकवलं, पाच आकडे मोजायच्या आत काढून घेतलं. "पाच मोजेपर्यंत बोट ठेवता आलं पाहिजे. नाई ठेवता आलं त गाडी तुले शिव्या देऊन राह्यली असं समज," ते म्हणाले. "तू गाडी पाहून गाडी घेतली ना बे? जमीन पाहून घ्याची असते."

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी तीच गाडी माणसात आणली. मोटरवरचं दातेरी चक्र दोन दात लहान लावलं. शॉकॉब्जरमधलं तेल घट्ट घातलं, म्हणजे धुऱ्यावरून उतरताना नाक आपटणार नाही. दोन चक्रांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून फिरवली. पट्टी फाटली तर चक्रं जास्त जवळ, नुसती सुटून आली तर लांब, चुण्या पडून अखंड आली तर बरोबर. अशा चुणीदार पट्ट्यांवर गाडीवाल्याचं नाव लिहून ते खिळ्याला टोचून ठेवत. त्या गाडीनं त्या दिवशी मला हरवलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दुकानात बुद्धाच्या तसबिरीखाली एक फळी होती. तिच्यावर एक जुना रिमोट असायचा. त्याला तार जोडून थेट विजेवर घेतलेला, आणि वीज गेली तरी चालावा म्हणून मागं बॅटरी बसवलेली. त्याच्या माथ्यावर एक हिरवा दिवा बारा महिने जळत असे. एकदा मी सहज, उपकार करायच्या आविर्भावात, तो बंद करायला हात पुढे केला. भाऊंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तांब्याची तार ओढणारी ती बोटं मला हाडापर्यंत कळली. मग मनगट सोडून परत वेढे मोजायला लागले, आणि मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून तार उलगडली.

मला सांगितलं ते त्यांच्या पत्नीनं, सुनंदाबाईंनी. दुकानाच्या मागंच घर. भाऊ पंप उतरवायला बाहेर गेले होते. "तो गौतमचा रिमोट होय," त्या म्हणाल्या. गौतम म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ, राईस मिलमधे फिटर. गाड्यांचा नाद मुळात त्याचा. भाऊंना त्यानंच ओढलं होतं. चार वर्षांमागं, धान निघाल्यावर, एका सकाळी दोघं भाऊ बांधीत गाडी चालवत होते. रिमोट त्याच दिवशी नवा जोडलेला. थांबायची सेटिंग करायची राहिली होती. भाऊ म्हणाले होते, संध्याकाळी करतो. गाडी धुरा ओलांडून झुडपी जंगलाकडे गेली, सिग्नल तुटला, आणि ती थांबली नाही. सरळ पळत सुटली आणि झुडपांत शिरली. दोघं खूप हसले. मग गौतमनं रिमोट भावाच्या हातात दिला.

"काय म्हनला माईत हाय का?" सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हने, दादा, रिमोट चालू ठेव. मी गाडी बंद करून आनतो."

गौतम वाघाला सापडला. दुपारी लोकांनी त्याला आणलं. गाडी कुणाला मिळाली नाही, त्या दिवशी ती शोधायचं कुणाला सुचणार. भाऊ हातात रिमोट घेऊन अंत्ययात्रेला गेले होते. गाडी अजून चालू आहे, मग रिमोट बंद कसा करायचा? "मी लय खेपा सांगून पाह्यलं," बाई म्हणाल्या. "त्या गाडीची बॅटरी वीस मिनिटाची. त्याईलेच जास्त माईत. पन नाई."

त्या दिवसापासून मला तो हिरवा दिवा बघवत नसे. दुकानात पाठ करून बसलो तरी तो मानेला जाणवायचा. बोलता बोलता भाऊ मधेच गप्प होऊन फळीकडे बघत, जणू तिकडून काही ऐकू येणार होतं. आणि 'पहिले थांबवून दाखव' हे मला पूर्वी वल्लीपणा वाटायचं, त्यात काय भरलेलं होतं ते आता कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या खात्याचे मजूर वणवा अडवायला जाळरेषा काढत होते. नाल्याच्या कोरड्या पात्रात त्यांना काहीतरी मिळालं आणि ते माझ्या टेबलावर आलं. "हे तुमचंच खेळनं दिसते बाबू," मजूर हसत म्हणाला. एक चाक गेलेलं, पिवळं कवच उन्हानं पांढरं पडलेलं, आत गाळ. कवच काढून पाहिलं. आतल्या बाजूला रंगानं लिहिलेलं होतं: गौतम. आणि पोटाजवळचं चालू-बंदचं बटण बंद होतं.

मी टेबलाशी बसून राहिलो. गौतम गाडीपर्यंत पोचला होता. त्यानं ती बंद केली होती, मोठ्या भावाच्या नियमाप्रमाणे. आणि गाडी बंद करायची तर माणसाला वाकावं लागतं. जंगलात वाकू नका, खाली बसू नका, वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं, ही सूचना गावोगाव लावण्यासाठी मी स्वतः दरवर्षी टाइप करतो. आता ही गाडी भाऊंना द्यायची. त्यांनी ते बटण पाहिलं आणि हे त्यांच्या ध्यानात आलं तर? सेटिंग राहिली याचं ओझं तो माणूस आधीच वाहत होता. त्यावर हे दुसरं.

गाडी दोन दिवस माझ्या खणात होती. एकदा मी बटणावर नख टेकवलं. ते 'चालू'कडे सरकवलं असतं तर गौतम तिथवर पोचलाच नाही, वाटेतच गाठला गेला, एवढंच भाऊंना वाटलं असतं. कोणतं ओझं कमी, हे मी कोण ठरवणार? शिवाय मला भीती होती की त्या माणसाला कुणाचं बोट कुठे लागलं हे कळेल. बटण मी तसंच ठेवलं.

गाडी बघून भाऊंनी हातातली तार खाली ठेवली. ब्रशनं गाळ झाडला. अंगठा बटणापर्यंत गेला आणि थांबला.

"बंद हाय," ते म्हणाले.

सुनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी घाईघाईनं बोललो, "भाऊ, चार पावसाळे गेले. पाण्यानं सरकलं असेल."

"पान्यानं नाई सरकत बाबू. हे बटन मीच लावलं होतं. कडक हाय. अंगठा लागते त्याले."

ते उठले, फळीपाशी गेले, रिमोट दोन्ही हातांत घेतला. थोडा वेळ नुसता धरून ठेवला. मग बंद केला. दिवा गेला तशी ती फळी एकदम रिकामी वाटली. "पोचला होता गौतम," ते बाईंना म्हणाले. बाई रडल्या, भाऊ रडले नाहीत. त्यांचा चेहरा मला हलका वाटला. वाकण्याचं त्यांच्या मनात आलं नाही, असं मी ठरवून टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सहाही जणांना गाड्या घेऊन बोलावलं. दिवसभर खपून प्रत्येक गाडीच्या टपाला भोक पाडलं, पोटाजवळचं बटण काढून टपावर बसवलं, त्याला तारेची कडी लावली. मग आम्हाला एकेकाला भिंतीशी उभं केलं, शिंपी माप घेतो तसं माप घेतलं, आणि प्रत्येकाच्या उंचीला जुळेल अशी बांबूची काठी कापली, टोकाला आकडा. "सरळ उभं राहा जी," म्हणत होते. "मान पन वाकली नाई पाहिजे." काठीनं कडी ओढली की गाडी बंद. त्याच आकड्यानं उचलूनही घेता येत होती.

"काऊन भाऊ," प्रकाश म्हणाला, "आमची पोटं आली म्हनून?"

सगळे हसले. भाऊही हसले. "हो, पोटं आली म्हनून," ते म्हणाले, आणि फक्त माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाबू, तुझी काठी बरोबर झाली ना?" मी मान हलवली. वाकण्याचं त्यांना पहिल्या क्षणीच कळलं होतं, अंगठा बटणावर असतानाच.

त्याच पावसाळ्यात भाऊ गेले. दुकानातच, हातात तार असताना. वेढे अर्धे झाले होते. सुनंदाबाईंनी मला खिळ्यावरची माझ्या नावाची चुणीदार पट्टी काढून दिली. ती अजून पाकिटात आहे. फळीवर रिमोट होता, बंद.

माझी बदली आरमोरीला झाली. इथेही धान निघालं की रविवारी बांधी मोकळ्या असतात, आणि दोन-चार नवे गाडीवाले जमले आहेत. आधी थांबवून दाखवा, असं मी त्यांना सांगतो तेव्हा मलाच भाऊंचा आवाज ऐकू येतो. खेळ संपला की मी सरळ उभा राहतो, एकदा झुडपांकडे बघतो, काठीनं कडी ओढतो आणि मग रिमोट बंद करतो. ही काठी कशाला, असं ते हसून विचारतात.

मी म्हणतो, पोट आलंय.