बत्तीस बोअर आणि बेळगुंदीचं भेकर

सन अडतीसच्या सुमाराला आमच्या शेजारच्या हरिभाऊ वकिलांनी लायसनवर रिव्हॉल्व्हर घेतलं आणि माझी संध्याकाळच्या करमणुकीची सोय झाली. बत्तीस बोअरचं, तळहातात मावेल एवढं. पानसुपारीच्या आधी ते आलेल्या माणसाला दाखवायचे.

"हरणाला एवढं बास झालं," असं कट्ट्यावर सांगायचे. "नेम पायजे. गोळीचं वजन बघत बसायचं न्हाय."

समोरचे मारुतीराव पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं पंचेचाळीस बोअरचं धूड. ते म्हणत, "वकीलसाहेब, तुमच्या गोळीनं हरणाला गुदगुल्या व्हतील. हाल करायचे नसतील तर गोळी मोठी पायजे, आन् तीबी जवळनं."

वाद मिटवायला आम्ही तिघं एका रविवारी पहाटेच बेळगुंदीच्या रानात गेलो. त्याच दुपारी वकिलांच्या मुलीला, सुनंदाला बघायला खानापूरहून पाहुणे येणार होते. "जेवायच्या आत घरी," असं वकिलांच्या यशोदाबाईंनी नवऱ्याला बजावलं, आणि जरा जास्तच मोठ्यानं मलाही.

भेकर उठलं. वकिलांनी गोळी झाडली. लागली, पण पोटात. भेकर तसंच जाळीत घुसलं.

"लागली की रं!" वकील ओरडले.

"लागली व्हय. आता हुडका," मारुतीराव म्हणाले.

बेळगुंदीच्या शिकाऱ्यांचा रिवाज असा, की ज्यानं जनावर जखमी केलं त्यानं ते संपवल्याशिवाय रान सोडायचं नाही आणि पाणीही प्यायचं नाही. वाट दाखवायला आलेला भरमू म्हणाला, "तुमी शहरातली माणसं. जावा, आमी बघतो."

वकिलांचा चेहरा पडला होता. "माझ्यापायी तडफडतंय ते. पाहुणे थांबतील, न्हाईतर जातील."

एवढं सुटलेलं पोट घेऊन माणूस दिवसभर करवंदीच्या जाळ्यांतून रांगला. मी मात्र पोटभर पाणी प्यालो. रिवाज शेजाऱ्यांना लागू नव्हता.

ऊन कलल्यावर ओढ्याकाठी भेकर दिसलं. पडलेलं, पण जिवंत. वकिलांनी आपलं रिव्हॉल्व्हर खिशात घातलं आणि मारुतीरावांपुढं हात पसरला. पंचेचाळीस कानामागं धरून एकच गोळी. भेकर जागीच शांत झालं.

"तुमचं खरं," वकील पुटपुटले.

"काय म्हणालासा? पलटणीत कान गेलेत माझे."

घरी पोचलो तर पाहुणे उठून जोडे घालत होते. धोतर फाटलेलं, हाताला रक्त, अशा अवताराचा होणारा व्याही बघून मुलाचे वडील आप्पासाहेब थबकले. "टांग्याचं चाक निखळलं म्हणा," मी वकिलांच्या कानात सांगितलं. पण हा माणूस कोर्टाबाहेर कधी खोटं बोलायला शिकला असेल तर ना! सगळं सांगून टाकलं.

आप्पासाहेबांनी जोडे परत काढले. "जखमी जनावर टाकून आला असता तर मी थांबलो नसतो. पण हरिभाऊ, पंचेचाळीसबी हरणाला कमीच. बंदूक न्यायची की!"

"कमी?" मारुतीराव उसळले. तिघांची अशी जुंपली, की पोह्यांचं ताट घेऊन सुनंदा दारातच ताटकळली.

"आई, यांना पोहे देऊ का काडतुसं?"

नवरामुलगा असा हसला, की आप्पासाहेबांना लग्नाची तारीख विचारावीच लागली.