विरोधात तिघी

आमचं शिरूरचं महिला महाविद्यालय क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दोन परदेशी बायकांनी काढलं होतं. त्या पंथात पुजारी नसतो आणि मतदानही नसतं. सगळे शांत बसतात, ज्याला बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो आणि एकाचा जरी नकार असला तरी निर्णय थांबतो. त्या बायका गेल्या, पण ही रीत कॉलेजात राहिली.

मला ती वसतिगृहात कळली. रात्रीच्या जेवणात सगळ्यांना चपाती हवी होती. पाबळची एक मुलगी म्हणाली, भाकरीशिवाय माझं पोट भरत नाही. आम्ही तिला टोमणे मारमारून हैराण केलं. पण बाईंनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, विषय पुढे नेला नाही. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, आणि पुढे आम्हीच तिच्या ताटातली भाकरी मोडून खाऊ लागलो. इनामगावच्या आमच्या घरात 'तुला काय वाटतं' असं एखाद्या बाईला विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. घरातली पहिली पदवीधर मी. आज दौंडला शिक्षिका आहे, ती त्या कॉलेजमुळे.

यंदा माझी भाची बारावी झाली. धाकट्या भावाची अट एकच होती, कॉलेज फक्त पोरींचं हवं. मी म्हटलं, आहे की आपलं.

तेवढ्यात माजी विद्यार्थिनींना सभेचं बोलावणं आलं. मुली कमी झाल्यात, म्हणून आता मुलांनाही प्रवेश द्यायचा होता. संस्थेचे नवे अध्यक्ष साखर कारखान्याच्या राजकारणातले, बोलायला गोड. विषय वाचून झाल्याबरोबर ते म्हणाले, "हात वर करा." शांत बसणं झालंच नाही. पुढच्या रांगांतले हात केव्हाच वर गेले होते.

आता निवृत्त झालेल्या बाई काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, "मला हे मान्य नाही. खेड्यातल्या मुली घरी बसतील."

मी उभी राहिले. माझ्यामागे आणखी एक उठली. सभागृह गप्प झालं. क्षणभर मला वाटलं, निर्णय थांबला.

अध्यक्षांनी बाईंना हात जोडले. "बाई, तुमचा मान हायेच. पण सभा म्हंजी सभा." मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "विरोधात तिघी, लिहा. मंजूर. चहा घेतल्याबिगर कुणी जायचं न्हाई."

बाई चहा न घेता निघाल्या. मी त्यांना रिक्षात बसवलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. भाचीला माझ्याकडे ठेव, दौंडला शिकेल, असं परत परत सांगितलं.

"तितंबी पोरं हायतच की, ताई," तो म्हणाला. "रविवारी पाव्हणं येणार हायत तिला बघायला. तूबी ये."

मागून तिचा आवाज आला. आत्या काय म्हणाली, असं ती विचारत होती.

"काय न्हाई. विहिरीवरची मोटार बंद करून ये जा."

रविवारी मी गेले. तिला साडी मीच नेसवली.