ओर्फा टॅकेटची रिकामी ओळ

केंटकीतल्या त्या डोंगराळ काउंटीत गेल्या दीडशे वर्षांत कोणी कोणाशी लग्न केलं, आणि कोणाला ते जरा घाईने करावं लागलं, हे ओर्फा टॅकेटला तोंडपाठ होतं. कचेरीच्या तळघरातल्या लग्नाच्या वह्या ती चाळीस वर्षं सांभाळत होती. पूर्वजांच्या शोधात माणसं लांबून येत, आणि प्रत्येकाला पणजोबा सेनापतीच हवा असे. ओर्फा लग्नाची तारीख काढायची, पहिल्या मुलाची विचारायची आणि त्यांच्यासमोरच बोटांवर महिने मोजायची.

"पाच महिने," ती सांगायची. "चपळ होते हं तुमचे सेनापती."

नियम साधा होता. लग्नाआधी कचेरीतून परवाना न्यायचा, लग्न लावल्यावर पाद्र्याने त्यावर सही करून तो परत पाठवायचा, मग वहीत उजवीकडची ओळ भरायची. पाद्री विसरला की ओळ रिकामी. अशा शंभरेक ओळी होत्या. कोणी कितीही रडलं तरी ओर्फाने त्यातली एकही भरली नव्हती.

सोमवारी ओहायोहून जेनेल नावाची बाई आली. तिच्या पणजीची ओळ रिकामी निघाली.

"साठ वर्षं संसार केला हो तिने," जेनेल म्हणाली. "एवढं लिहून टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघते. कागद नाही तर लग्न नाही. बिनलग्नाची राहिली तुमची पणजी. मजेत राहिली असेल."

जेनेल चिडली. "स्वतःचं बघितलंय का कधी?"

कधीच नव्हतं बघितलं. स्वतःच्या लग्नाला ती हजर होती, त्यात बघायचं काय? ओर्फाने तोऱ्यात १९७३ची वही काढली. डावीकडे परवाना: हर्शेल टॅकेट, ओर्फा स्लोन. उजवीकडे कोरं. जेनेलने हळूच वही मिटली, आणि तेच ओर्फाला जास्त लागलं.

दुपारभर ती वहीसमोर बसली. तिचं लग्न लावणारा रड नावाचा पाद्री मरून तीस वर्षं झाली होती. पेन हातात होतं, तळघरात चिटपाखरू नव्हतं. एक ओळ लिहिली की एकावन्न वर्षांचा संसार खरा. नाही लिहिली तर उद्या तिचीच पणती इथे येईल आणि टेबलामागची कोणीतरी दात काढेल. ओर्फाला रडू आलं. सकाळच्या बोलण्याची लाज वाटली. पेन मात्र तिने खाली ठेवलं.

घरी हर्शेल राजमा ढवळत होता.

"हर्शेल, आपलं लग्न झालेलं नाही."

त्याचा हात थांबला. "बघितलंस तर शेवटी."

गॅस बंद करून तो मागच्या खोपटातून मासे पकडायच्या सामानाचा डबा घेऊन आला. दोरे, गळ, शिशाचे गोळे, आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना. पाद्री रडची सही ठसठशीत.

"ओढ्याला पूर होता. पाद्रीबाबा म्हणाले, तूच टाक कचेरीत. मी विसरलो. आठवलं तेव्हा मुदत उलटली होती."

"उशिरा दिला तरी घेतात, बावळटा."

"मला वाटलं, पुन्हा लग्न लावायला सांगतील. पहिल्यांदा तू हो म्हणालीस ती बापाच्या धाकाने. दुसऱ्यांदा म्हणशील याचा भरवसा नव्हता मला. आणि मग तू त्याच कचेरीत नोकरी धरलीस. दुसरी मिळत नव्हती?"

"म्हणून चाळीस वर्षं भांडी घासतोयस होय?"

"मग काय हौस म्हणून?"

सकाळी कचेरीत ओर्फाने आधी जेनेलला फोन केला. "पणजोबांच्या पेट्या, डबे सगळं उपडं करून बघा," ती म्हणाली, "आणि मी बोलले ते चुकलंच माझं." मग हर्शेलला सगळ्यांसारखं रांगेत उभं केलं, टोपी काढायला लावली, कागद तपासला, आजच्या तारखेचा शिक्का मारला आणि उजवीकडची ओळ भरली. राहिला शेऱ्याचा रकाना. उशीर का झाला, ते त्यात लिहावं लागे.

"काय लिहू?"

"पूर आला म्हणून लिही."

"एकावन्न वर्षं? वहीत खोटं लिहीत नाही मी."

तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: बायको पुन्हा हो म्हणेल की नाही, याची नवऱ्याला भीती वाटली. चाळीस वर्षांत तिने वहीत पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. आज दोन शब्द घातले: म्हणाली असती.